फळ्यावरचा नवरा

फळा उतरव, असं मला मराठीत सांगितलं गेलं, कानडीत सांगितलं गेलं आणि दखनी उर्दूतही सांगितलं गेलं. तिन्ही भाषा मला येतात. तिन्हींत मी नाही म्हणाले. त्यानंतर जे झालं ते आमच्या कमलनगरचे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या या गावाचे लोक अजून आपापल्या परीनं सांगतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात शेवटी मी माफी मागते. म्हणून मी ते स्वतःच लिहून ठेवते आहे. मी माफी मागितलेली नाही. मागावी असं काही केलेलंही नाही.

बस स्टँडसमोर माझं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, एक कॉईन बॉक्स फोन आणि पडद्याआड दोन कंप्युटर, म्हणजे इंटरनेट. नवरा पुण्याच्या बाजूला कारखान्यात लागला होता. आमच्या भागातून तेव्हा पुण्याला, हैदराबादला जायची रीघच लागली होती. मी मात्र मागे राहिले ते ठरवून. टायपिंग मला तिन्ही भाषांत येत होतं आणि गावात तसं दुसरं कुणी नव्हतं. दुकान चालेल असा माझा अंदाज होता आणि तो खरा ठरला.

मला याद्या करायची सवय आहे. शटरच्या आतल्या बाजूला सकाळच्या कामांची यादी चिकटवलेली असायची. झाडणं, पाणी भरणं, दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती, बॅटरी चार्ज आहे का बघणं, मशीनमध्ये कागद भरणं. सगळ्यात शेवटचं काम म्हणजे फळा.

फळा म्हणजे एक प्लायवूडची फळी, दाराशेजारी खिळ्याला अडकवलेली. आधी तिच्यावर मी ‘लाईट नाही’ किंवा ‘रेंज नाही’ एवढंच लावत असे. मग नवऱ्याचे ई-मेल यायला लागले. त्याच्या कारखान्याच्या ऑफिसात कंप्युटर होता आणि तिथला साहेब त्याला जेवणाच्या सुट्टीत वापरू द्यायचा. पहिल्यांदा मेल आला तेव्हा मी मशीन बंद करून, नीट बसून तो उघडला. आत एक विनोद होता. वर कुणाकुणाचे पत्ते, ज्यांनी तो पुढे ढकलला होता. खाली नवऱ्याचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा विनोद. असेच येत राहिले. तो बरा आहे, हे मला विनोद आला यावरून कळायचं.

विनोद इंग्रजीत किंवा इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत असायचे. मी ते मराठीत टाईप करून फळ्यावर लावायला लागले. एक कागद रोज. हेतू साधा होता, कागद वाचायला माणसं थांबतील आणि दुकान त्यांच्या नजरेत राहील. तसंच झालं. औरादच्या, ठाणाकुशनूरच्या जीपा आमच्या समोरूनच भरायच्या, आणि जीप भरेपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं.

फळ्याखाली एक बाकडं होतं. त्यावर बसणाऱ्यांत एक रिटायर झालेले कंडक्टरमामा होते. आवाज असा की बस नसतानाही ‘भालकी, भालकी’ म्हणाले तर दोन माणसं उठून उभी राहावीत. त्यांनी आपणहून काम अंगावर घेतलं. सकाळी चष्मा लावून फळ्यासमोर उभं राहायचं, विनोद मोठ्यानं वाचायचा, मग ज्यांना मराठी कमी समजतं त्यांच्यासाठी कानडीत सांगायचा, आणि शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांसाठी दखनीत. एक विनोद तीनदा पिकायचा. लोक हसायचे, चहा मागवायचे, आत येऊन एखादी झेरॉक्स काढायचे.

हे सगळे विनोद बायकोवर होते. बायको बोलते, बायको खर्च करते, बायको लाटणं घेऊन उभी राहते, बायकोच्या आईचा मुक्काम हलत नाही. मी टाईप करत होते. खरं सांगायचं तर काही मलाही आवडायचे. एकात डॉक्टर बायकोच्या तोंडात थर्मामीटर ठेवतो आणि ती पाच मिनिटं गप्प बसते, तर नवरा विचारतो की हे यंत्र विकत कुठं मिळतं. तो विनोद मामांनी दिवसभर पुरवला होता.

एक बाई खुरपणीला जायची. तिचाही नवरा पुण्यालाच, बांधकामावर. त्याच्याशी बोलायला ती दर आठवड्याला कॉईन बॉक्सवर यायची. वाचता यायचं नाही, पण मामांचा आवाज कुणाला चुकत नव्हता. एक दिवस फोन ठेवून ती माझ्या टेबलापाशी आली.

“बाई, एक इचारू का?”

“विचार की.”

“हे तुमच्या फळ्यावर रोज बायकोलाच कामून धरायलेत?”

“इंटरनेटवर तसेच येतात ग.”

“तिकडं नवरे न्हाईत व्हय?” ती म्हणाली. खुरपं पिशवीत घातलं आणि गेली.

मला राग आला. तिचा नाही. मी इतके दिवस टाईप करत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचा.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी जुने विनोद उघडले आणि जिथं जिथं बायको आहे तिथं नवरा घातला. हे काम कंप्युटर एका झटक्यात करतो. पण वाचून पाहिलं तर निम्मे विनोद जागीच मेले होते. नवरा दिवसभर बोलतो, नवरा वायफळ खर्च करतो, नवऱ्याचे आई-बाप मुक्कामाला येऊन राहतात. यात हसण्यासारखं काय? ही तर रोजची बातमी. तेव्हा कळलं की नुसती अदलाबदल चालणार नाही, नवीन लिहावं लागेल. मग मी लिहिलं. पहिला असा होता:

‘एका माणसानं बारा वर्षं तप केलं. देव प्रसन्न झाला. म्हणाला, बाळा, काय पाहिजे ते माग. माणसानं घराकडं तोंड करून हाक मारली: अगं, मला काय पाहिजे?’

सकाळी तो लावला. मामांनी चष्मा पुसला आणि नेहमीच्या दमात वाचायला लागले. तपापर्यंत आवाज स्टँडच्या पलीकडं जात होता. देव प्रसन्न झाला तेव्हा त्यांनी हात वर केला. शेवटची ओळ वाचली आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबले. बाकड्यावर कुणी हसलं नाही. हसल्या त्या आत झेरॉक्सच्या रांगेतल्या बायका. एकीला तर रेशन कार्ड तोंडावर धरावं लागलं.

मामा दारात आले. “ह्ये कुणी लिव्हलं?”

“इंटरनेटवर आलंय, मामा.”

“इंटरनेटवर असलं येत न्हाई.”

“आजपासून यायलंय.”

त्यांनी त्या दिवशी कानडीत आणि दखनीत सांगितलं नाही. पण बायकांनी सांगितलं. दुपारी एका म्हातारीनं आत येऊन मला विचारलं, “देवाचं कुटं हाय ते?” तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आमचा तर देवाला म्हणला असता, जरा बस, ती शेतातून येऊ दे.” हेही मी दुसऱ्या दिवशी टाईप केलं.

कटकट तिथून सुरू झाली. कागद संध्याकाळपर्यंत राहीना. मी आत गिऱ्हाईकात असले की कुणीतरी फाडायचं. टाचण्या तेवढ्या राहायच्या आणि टाचणीला कागदाचा कोपरा. बाकड्यावरून टोमणे यायचे.

“घरी नवरा न्हाई, म्हणून दुसऱ्याचे नवरे काढायलीय.”

“मी माझ्याच नवऱ्याचं लिहायले,” मी आतूनच सांगायची. “तुम्हाला कामून टोचायलंय?”

पंक्चरवाले चाचा भला माणूस. त्यांनी वेगळ्या सुरात समजावलं. “दीदी, निकाल देव ना वो. कायकू लोगाँ से झगडा मोल लेते?” मी म्हणाले, चाचा, तुमच्या चाचीला विचारा काढू का. ते हसले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले. परत त्यांनी विषय काढला नाही.

कंडक्टरमामांनी मात्र पुढचं पाऊल टाकलं. माझ्या नवऱ्याकडं तक्रार करायची ठरवली. त्यासाठी त्यांना फोन पाहिजे होता, आणि फोन माझ्याच दुकानात होता. ते आले, नाणी काढली, नंबर मागितला. मी दिला. त्यांना बटणं दिसेनात म्हणून लावूनही दिला. मी तिथंच उभी, आणि ते माझ्याकडं पाठ करून माझीच तक्रार करायला लागले. फळ्यावर काय काय लिहायलीय, गाव काय म्हणायलंय, तुमचा काही धाक हाय का न्हाई. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. फोन ठेवला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणला, मी पुण्यात हाय.”

रात्री मात्र नवऱ्याचा मला फोन आला. “दुकान जाईल, बघ,” तो म्हणाला.

“जाईल तर जाईल.”

“अगं, कशाला पण? विनोदच तर आहेत.”

“तेच म्हणते मी. विनोदच तर आहेत. तुम्ही पाठवता ते हसायचे आणि मी लिहिले की दुकान जातं?”

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्याचे मेल बंद झाले. तेवढं मला लागलं, ते कबूल. बोलणं नव्हतं तरी येणं तर होतं. पण त्यासाठी मी कागद बदलला नाही.

मग जागेचे मालक आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. बसवण्णांना मानणारं घर, बियाण्याचं आणि खताचं दुकान, आमची ओळ सगळी त्यांची. कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल. माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते. दुकान मला दिलं तेव्हाही रस्त्यावरच्या बाकीच्या मालकांनी बाईमाणसाला जागा देत नाही म्हणून नकार दिला होता आणि यांनी दिली होती. त्या दिवशी ते बसले नाहीत. फळ्याकडं बोट केलं.

“तेगी,” ते म्हणाले. आणि मला कळलं नाही असं वाटून मराठीत, “काढ ते, यव्वा. संक्रांतीपतुर काढ. न्हाई तर जागा खाली कर.”

“काय चुकलंय त्यात, अप्पा?”

“चुकायचं काय न्हाई. माणसं माझ्या दुकानात येऊन बोलायलेत. धंदा हाय माझा.”

“माझाही धंदाच आहे.”

“मग धंदा कर. फळा काढ.”

एवढं बोलून ते गेले. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. फळ्यावरचा कागद त्यांनी पूर्ण वाचला आणि मग अप्पांच्या मागं गेल्या.

दुकान गेलं तर माझ्यापुढं काय होतं, ते मी कागदावर मांडून पाहिलं. एक, पुण्याला जाणं. तिथं नवरा एका खोलीत गावाकडच्याच तिघांबरोबर राहत होता, मला जागा नव्हती. दोन, सासरी शेतावर जाणं. तिथं माझ्या टायपिंगला काय काम? तीन, फळा काढून गप्प बसणं. तिसरं सगळ्यात सोपं होतं. त्यावर मी काट मारली आणि मग उरलेल्या दोन्हींवरही मारली. चौथं काय, ते माहीत नव्हतं.

ते मला गुरुवारी सापडलं, तेही चुकून. गुरुवारी मी तसबिरीला हळदकुंकू वाहते. गाणगापूरहून आणलेली तसबीर, तिचा तेवढा मान मी ठेवते. त्या दिवशी घाई होती. जीपा भरत होत्या, शाळेची पोरं हॉल तिकिटाच्या झेरॉक्सला आली होती. मी बोट न धुताच फळ्यावर दोन कागद लावले, एक फाडला तर दुसरा राहावा म्हणून. एकावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट उमटलं. संध्याकाळी बघते तर एक कागद नेहमीसारखा फाडलेला, आणि बोट उमटलेला जसाच्या तसा.

मी शहानिशा केल्याशिवाय काही मानत नाही. शुक्रवारी मुद्दाम तसंच केलं. एकाच विनोदाच्या दोन प्रती, शेजारी शेजारी. एक कोरी, एकीला हळदकुंकू. कोरी गेली, दुसरी राहिली. शनिवारी जागा बदलल्या. तरी तेच. फाडणारा कोण ते मला आजही माहीत नाही. पण लग्नाच्या पत्रिकेवर, दिवाळीच्या वहीवर, दसऱ्याला माझ्या प्रिंटरवर जे लागतं ते लागलेला कागद टराटरा फाडायला त्याचा हात धजत नव्हता. लॅमिनेशन केलं असतं तरी फाडता आलं नसतं म्हणा. पण ते महाग पडलं असतं.

संक्रांत आली. मी अप्पांनी सांगितल्याप्रमाणे फळा उतरवला आणि आत भिंतीला उलटा टेकवून ठेवला. बाकड्यावर मोठं समाधान पसरलं. मामा म्हणाले, “समजूतदार हाय पोरगी.” मी त्यांना तिळगूळ दिला.

मग हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, दुकानातच. दरवर्षी मी घरी करायची. वाण म्हणून एखादा प्लास्टिकचा डबा नाही तर चमचा. या वर्षी बोलावणं करताना सांगितलं की वाण दुकानातलं आहे, आणि येताना प्रत्येकीनं एक गोष्ट आणायची, आपल्या घरातल्या माणसाची. खरी पाहिजे. नाव नको.

बायका आल्या. कंप्युटर बाजूला सरकवून सतरंजी घातली, शटर अर्धं खाली ओढलं. हळदीकुंकवाला पुरुष आत येत नाहीत, तेवढा एक दिवस दुकान सगळं आमचं. मग खुरपणीवाली म्हणाली, “माझा फोनवर इचारतो, माझी निळी पँट कुटं हाय. म्हणलं, आवं, ती तुमच्या अंगावर तर न्हाई? बगून सांगतो म्हणला.” आणि जे सुटलं ते सुटलं. मी टेबलापाशी बसून टाईप करत होते. लाईट गेली, बॅटरी कुईकुई करायला लागली, तरी कुणाचं तोंड थांबेना. कंडक्टरमामांच्या घरच्या मामी आल्या होत्या. एरवी त्या मान वर करून बघायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मी दुपारी पाण्याला उटले तरी झोपंत इचारतेत, कुटं उतरायचं?”

शेवटी अक्का. त्या सावकाश बोलायच्या, मराठीत मध्येच कानडी यायचं.

“शिरगणतीवाला आला होता,” त्या म्हणाल्या. “यजमान बाहेर बसले होते. त्यानं इचारलं, घरात माणसं किती? हे म्हणाले, थांबा, आत इचारतो. आले, इचारून गेले. धाकटा कितवीत हाय? थांबा, आत इचारतो. गॅस हाय का चूल? थांबा. मी म्हणलं, मलाच बोलवा की तिकडं. म्हणाले, तू कामून येशील, मी हाय ना. मग त्यानं इचारलं, घराचा मालक कोण? म्हणाले, मी.”

बायका हसायच्या तयारीत होत्या. अक्कांनी पदर सारखा केला.

“मग म्हणाले, थांबा, आत इचारतो.”

मी टाईप करायचं थांबून टेबलावर डोकं ठेवलं.

त्या संध्याकाळी वाण म्हणून प्रत्येकीला एक कागद दिला. जिची गोष्ट तिला छापून, वर माझ्या हातानं हळदकुंकू लावून. माझा बेत तेवढाच होता. फळा खाली गेला तरी विनोद घराघरांत पोचला पाहिजे. पण खुरपणीवालीनं कागद उलटसुलट करून पाहिला.

“बाई, ह्याचं करायचं काय? भांडं असतं तर वापरलं असतं. वाण काय ट्रंकंत घालून ठिवायचं?”

माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. अक्का उठता उठता म्हणाल्या, “दाराला लावा की. बाहेरून.”

ज्वारीच्या पिठाची खळ कुणाच्याही घरात होते. त्यासाठी माझ्या दुकानाची गरज नव्हती.

सकाळी मी नेहमीच्या वेळी दुकान उघडायला निघाले. आमच्या गल्लीपासून स्टँडपर्यंत, आणि तिथून स्टेशनच्या रस्त्यानं, एक दार सोडून एका दारावर कागद. पांढरा कागद आणि कोपऱ्यात पिवळं-तांबडं बोट. पुरुष चहाला बाहेर पडत होते आणि आपापल्या दारापाशी थांबत होते. कुणी आधी शेजारच्या दारावरचं वाचून हसला, मग स्वतःच्या दाराकडं वळला आणि हसणं आवरलं. एकानं कागदाला हात घातला. कोपऱ्यातलं बोट दिसलं तसा हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

कंडक्टरमामा त्यांच्या दारासमोर उभे होते. चष्मा लावला होता. सवयच ती. ‘एक कंडक्टर रिटायर झाला’ असं त्यांनी मोठ्यानं सुरू केलं आणि सगळं वाचून संपवलं, ‘कुठं उतरायचं’पर्यंत. समोरच्या हॉटेलातली माणसं हसून लोळायची बाकी होती. आतून मामींचा आवाज आला, “चा निवायलाय.” मामांनी कागदाचा एक सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि आत गेले. त्यांनी तसं का केलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

अप्पा दुकानात आले तेव्हा मी कागद भरत होते. टॉवेल खांद्यावर नव्हता, हातात होता.

“फळा काढ म्हणलं होतं मी.”

“काढलाय, अप्पा. तो बघा, भिंतीला हाय.”

“मग हे गावभर काय हाय?”

“वाण आहे. बायकांचं.”

“माझ्या दारावर लावलंय.”

“मी नाही लावलं. तुमचं दार आहे, तुम्ही काढा.”

ते बाकड्याच्या टोकावर बसले. बाकीचे उठून चहाला गेले. अप्पा म्हणाले, “हळदकुंकू हाय त्याच्यावर.”

“व्हय.”

“घरच्या बाईनं लावलेलं हळदकुंकू मी कसं फाडू?”

मी मशीन चालू केलं. मशीन तापायला वेळ लागतो, ते तापत होतं.

“तिनंच सांगितलं का ते? शिरगणतीचं?”

“ते मी सांगणार नाही, अप्पा. जागा खाली कर म्हणालात तरी नाही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. शटर, दोन कंप्युटर, फोनची तार, सगळं कुठं हलवायचं याची यादी मनात सुरू झाली होती. हातगाडी कुणाची सांगायची इथपर्यंत मी पोचले होते.

अप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. “तो फळा परत लाव,” ते म्हणाले. “गावभर दारोदार असण्यापेक्षा एका जागी बरा. तिकडं बघायचं नसलं तर न बघता तरी जाता येतं.”

“लावते.”

“पण शिरगणतीचं नको.”

“तसं चालणार नाही. लावला तर सगळ्यांचं लागेल.”

“यव्वा, मी जागेचा मालक हाय.”

“हो,” मी म्हणाले. “पण आत विचारून या.”

हे तोंडातून निघून गेलं आणि मी हाताशी आलेलं दुकान घालवलं असं वाटलं. अप्पा उठले. विभूतीखालचं कपाळ लाल झालं होतं. दारापर्यंत गेले, पाठमोरेच थांबले. त्यांचे खांदे हलत होते. रागानं की कशानं, ते मला पाठीवरून ओळखता आलं नाही. मग ते गेले. जागा खाली करायचं त्यांनी परत काढलं नाही. पुढच्या वर्षी भाडं वाढवलं, पण ते सगळ्या ओळीचंच वाढलं.

मी फळा बाहेर नेला, खिळा ठोकून पक्का केला आणि डाव्या कोपऱ्यात शिरगणतीचा विनोद लावला. बाकी जागेत दारांवरचे एकेक उतरवून आणले, ज्या बायकांनी दिले त्यांचे. सगळ्यांनी दिले नाहीत. काही दारांवर ते पुढच्या पावसापर्यंत होते.

रथसप्तमीच्या आसपास नवऱ्याचा मेल आला. वर पत्त्यांची रांग नव्हती. पुढं ढकललेलं काही नव्हतं. इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग चुकत चुकत त्यानं स्वतः लिहिलं होतं. ‘एक माणूस पुण्यात राहतो. सुट्टीला त्यानं भात टाकला. भात लागला म्हणून पाणी घातलं. पाणी जास्त झालं म्हणून तांदूळ घातला. तांदूळ कच्चा राहिला म्हणून परत पाणी. संध्याकाळी सगळी चाळ जेवायला बोलावली. यात विनोद काय ते मला कळलं नाही, पण खोलीतले हसले. फळ्यावर चालत असेल तर लाव.’

मी शब्द न बदलता टाईप केला, शेवटच्या ओळीसकट. हळदकुंकू लावलं आणि फळ्याच्या मधोमध टाचला. कंडक्टरमामांनी तो वाचला, आधी मराठीत, मग कानडीत, मग चाचांसाठी दखनीत. चाचा ट्यूब सोडून उठून बघायला आले.

“हा कोण म्हणायचा?” मामांनी मला विचारलं.

“माझा,” मी म्हणाले.

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मग इंटरनेटवर असलं येतंय म्हणायचं.”

पुढं प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि कंप्युटरसमोर बसायला कुणी येईना. पडद्याआडचा भाग मी बंद केला. झेरॉक्स राहिली. फळाही राहिला. आता माझ्या फोनवर बायकोवरचे विनोद येतात, गावातल्याच माणसांकडून, आणि मी प्रत्येकाला उलट एक पाठवते. माझ्याकडं साठा भरपूर आहे. फळ्यावरचे कागद मात्र मी दर संक्रांतीला बदलते. नवऱ्याचा भात पिवळा पडला होता, तो नव्यानं छापला. डाव्या कोपऱ्यातला आहे तसाच आहे. अप्पा रोज सकाळी त्याच्या समोरून जातात. मी तो काढलेला नाही.